सॉफ्टटॉपच्या काचेच्या कडेने पाणी येतंय, सगळं बीडिंग (काचेभोवतीचं रबर) बदलू का?

शेफील्डकर:

नमस्कार मंडळी, गाडीच्या गळतीने जाम वैतागलोय, जरा लांबण लागेल पण सगळं सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. माझ्याकडे २००३ ची माझदा एमएक्स-५ आहे, दुसऱ्या पिढीची, काळं विनाइलचं दुमडून उघडता येणारं छप्पर (सॉफ्टटॉप), मागची काच खरी काच, प्लास्टिकची नाही. गेल्या ऑक्टोबरात घेतली. आधीच्या मालकाकडे ती दोन वर्षं एका मोठ्या झाडाखाली नुसती उभी होती. चालायला इतकी सुंदर आहे की रविवारी सकाळी स्नेक पास घाटातून एक चक्कर मारली की आठवडाभर डोकं शांत राहतं. कंपनीला मी अजिबात दोष देत नाहीये, वीस वर्षांच्या वरचं रबर आहे ते, थकणारच.

तर पाणी तीन ठिकाणी दिसतं. एक, ड्रायव्हरच्या खिडकीचा मागचा वरचा कोपरा, जिथे काच, छप्पर आणि मागची बॉडी एकत्र येतात, तिथून थेंब थेंब माझ्या खांद्यावर पडतं. दोन, पुढे आरशाजवळचा कोपरा, वेग वाढला की तिथून गुडघ्यावर येतं. आणि तीन, जे मला कळतच नाहीये, सीटच्या मागचं आणि खालचं कार्पेट कायम ओलं, वरून काही गळताना दिसत नाही तरी हात दाबला की पाणी वर येतं. रोज सकाळी काचा आतून धुरकटलेल्या आणि गाडीत कुबट वास.

इथल्या एका गॅरेजवाल्याने ८० पौंड घेतले आणि बीडिंगवर सिलिकॉनची जाड रेघ ओढून दिली. चार दिवस बरं चाललं, मग काच त्याला चिकटायला लागली आणि एक दिवस काच खाली करताना ते सगळं ओढून निघालं, मूळ रबराचा लचका पण बरोबर आला. आता दोन्ही बाजूंचा नवीन सेट ३०० पौंडांच्या वर सांगतायत. घ्यायची तयारी आहे पण घेऊनही गळलं तर काय ही भीती आहे.

घाई अशासाठी की जुलैत बाबा येतायत साताऱ्याहून. ३१ वर्षं एसटी चालवली त्यांनी, उघड्या गाडीत आयुष्यात बसलेले नाहीत, मला त्यांना इथल्या डोंगराळ पीक डिस्ट्रिक्टात छप्पर उघडून फिरवायचंय आणि पाऊस आला तर छप्पर लावून कोरडं घरी आणायचंय. ऑगस्टमध्ये एमओटी, म्हणजे इथली गाडीची वार्षिक तपासणी, पण आहे. कोणी हे काम स्वतः केलंय का?

मिडलँड्स_मामा:

अरे थांब, सेट मागवू नकोस अजून. माझ्याकडे अशीच गाडी अकरा वर्षं होती, त्यामुळे हे सगळं मी भोगून झालंय.

पहिली गोष्ट म्हणजे तुझ्या गाडीत एक गळती नाहीये, निदान दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. खांद्यावर नि गुडघ्यावर येतं ते काच आणि रबर यांच्यामधलं. सीटमागचं कार्पेट ओलं होतंय ते बहुतेक ड्रेनचं, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीचं, आणि तुझ्या गाडीला खरा धोका त्याचाच आहे, खांद्यावरच्या थेंबांचा नाही.

असं बघ, या छपरावर पडलेलं पाणी मागे वाहत येतं आणि छपराच्या खालच्या कडेला, सीटांच्या मागे, आतल्या बाजूला एक प्लास्टिकची पन्हळ आहे तिच्यात उतरतं. आपल्याकडे कौलारू घराला पागोळ्यांखाली पन्हळ लावतात ना, तसंच. त्या पन्हळीतून ते दोन्ही बाजूंच्या ड्रेनमध्ये जातं, सीटबेल्टचे जे उभे खांब आहेत त्यांच्या मागे ते ड्रेन आहेत, आणि तिथून मागच्या चाकाच्या पुढे गाडीखाली पडतं. म्हणजे पाणी त्या जागेपर्यंत येणं हे बरोबरच आहे, तिथून ते बाहेर पडलं पाहिजे. तुझी गाडी दोन वर्षं झाडाखाली होती म्हणतोस, मग त्या ड्रेनमध्ये पानांचा चिखल बसलेला असणार. ड्रेन तुंबला की पाणी वर चढतं आणि कार्पेटवर येतं, आणि त्याहून वाईट म्हणजे सिलमध्ये जातं, दाराखालची ती पोकळ पट्टी. तिथे आतून गंज धरतो आणि बाहेर फुगा दिसेपर्यंत आतलं खाऊन झालेलं असतं. सीटबेल्ट जिथे बोल्ट केलाय त्याच्या ३० सेंटीमीटरच्या आत स्ट्रक्चर गंजून कमकुवत झालेलं सापडलं तर एमओटीत नापास, हे लक्षात ठेव.

आज संध्याकाळी एवढंच कर. छप्पर अर्धं उचल, मागचं कार्पेट बाजूला घे, टॉर्च घेऊन ड्रेनचं तोंड शोध. पान-कचरा हाताने काढ. मग अर्धा लिटर पाणी हळूहळू ओत आणि दुसऱ्या कोणाला तरी गाडीखाली बघायला सांग. दोन्ही बाजूंनी धार पडली पाहिजे. नाही पडली तर गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉनची दोरी हलक्या हाताने सरकव. कडक तार घालू नकोस आणि कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारू नकोस, आतली नळी जागेवरून निसटली तर पाणी थेट बॉडीच्या आत पडायला लागेल आणि तुला दिसणारही नाही.

ते झाल्याशिवाय बीडिंगला हात लावू नकोस.

बीडिंगवाला_पुणे:

मी पुण्यात गाड्यांचं काच आणि बीडिंगचंच काम करतो, चोवीस वर्षं झाली. ही गाडी माझ्या हाताखालून गेली नाही पण फ्रेमलेस काचेच्या, म्हणजे दाराला काचेभोवती चौकट नसलेल्या, बाकी गाड्या बऱ्याच केल्यात, काम सारखंच असतं.

आधी सिलिकॉनबद्दल. दादा, जिथे काच रोज येऊन टेकते नि सुटते तिथे सिलिकॉन सीलंट कधीच लावायचं नाही. रबर दबून काच धरतं, त्याला मऊपणा लागतो, सीलंट वाळून घट्ट झालं की ते रबराला दबू देत नाही आणि बाजूला नवीन फट तयार होते. जे राहिलंय ते नखाने आणि लाकडी काडीने काढा, ब्लेड नको. मग रबर साध्या साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करून त्यावर सिलिकॉन ग्रीस बोटाने चोळा, सीलंट वेगळं ग्रीस वेगळं, नावात फसू नका. पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल असलं काही लावायचं नाही, या रबराला तेल चालत नाही, फुगतं आणि चिकट होतं.

आता रबर मेलंय की काच चुकीच्या जागी बसतेय हे ओळखायचं कसं. रबरावर टाल्कम पावडर लावा, काच बंद करून दोन मिनिटं थांबा, मग दार उघडा आणि काचेवर पावडरची रेघ कशी उमटलीय ते बघा. सलग एकसारखी रेघ असली तर बरं. जिथे रेघ पुसट किंवा तुटक तिथून पाणी. मग तिथेच कागदाची पट्टी काच आणि रबरात धरून ओढा, सहज सुटली तर दाब नाही. नोट वापरू नका, तुमच्याकडच्या प्लास्टिकच्या नोटा तशाही घसरतात. एका ठिकाणी दाब नाही आणि बाकी सगळीकडे आहे असं असेल तर रबर बदलून काही होणार नाही, काच सेट करायला लागेल.

अजून एक, हे लोकांना सांगितलं तर पटत नाही पण दाराच्या आत पाणी जातंच, सगळ्या गाड्यांत जातं. काचेवरून ओघळलेलं पाणी बाहेरच्या पट्टीतून दारात उतरतं आणि दाराच्या तळाला भोकं असतात तिथून बाहेर पडतं. ते आत येऊ नये म्हणून डोअर पॅडच्या, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाच्या, मागे प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट ब्युटिलने चिकटवलेला असतो. कोणी स्पीकर बदलले, काचेचं मशीन दुरुस्त केलं की हा कागद फाडतात नाहीतर तसाच लोंबता सोडतात, आणि मग पाणी डोअर पॅडच्या खालून कार्पेटवर येतं. तुमच्या आधीच्या मालकाने स्पीकर बदललेत का बघा. तळाची भोकं पण मातीने बुजलेली नाहीत ना ते बघा.

जर्सीची_सई:

मी न्यू जर्सीत असते, माझी चार सीटची जर्मन कॅब्रिओ आहे, ती पण उघडणाऱ्या छपराची. दोन गोष्टी सांगते.

माझ्या गाडीत दार उघडलं की काच आपोआप थोडी खाली येते आणि दार लावलं की पुन्हा वर जाऊन रबरात घुसते. मागच्या थंडीत बॅटरी बदलली आणि दुसऱ्या दिवशी पाणी यायला लागलं, मी घाबरले की बीडिंग गेलं. नंतर कळलं की बॅटरी काढल्यामुळे काचेला आपण कुठपर्यंत जायचं तेच आठवत नव्हतं. मॅन्युअलमध्ये रीत दिली होती, काच पूर्ण वर नेऊन बटण तसंच काही सेकंद धरून ठेवायचं, ते केलं आणि थांबलं. शेफील्डकर तुझ्या गाडीत हा प्रकार नसणार पण बाकी कोणी वाचत असेल तर आधी हे करून बघा, एक पैसा लागत नाही.

दुसरं म्हणजे कार्पेट ओलं दिसलं की पाऊसच असं धरून चालू नका. डॅशबोर्डच्या बाजूने पायाजवळ ओलं असेल, बोटाला तेलकट लागत असेल आणि वास गोडसर असेल तर ते हीटरचं कूलंट असू शकतं. माझ्या मैत्रिणीने तीन महिने रबरं बदलली आणि निघालं हे. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी पण पाय ओले होतात. कोरड्या आठवड्यातही ओल वाढतेय का एवढं बघायचं.

शेफील्डकर:

मामा, ताई, पुण्याचे दादा, तिघांचे मनापासून आभार. एका आठवड्यात जे केलं ते लिहितो.

मामांनी सांगितल्याप्रमाणे आधी ड्रेन. पॅसेंजरच्या बाजूला पाणी लगेच खाली पडलं. ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा लिटर ओतलं आणि ते तिथेच उभं राहिलं, जसंच्या तसं. हात घातला तर काळी माती, पाइनच्या सुया आणि एक अख्खं पिसं. मातीचा तर गोळाच झालेला, त्यात बारीक अंकुर फुटला होता. सगळं काढून नायलॉनची दोरी हळूहळू आत सरकवली, दहाएक मिनिटांनी एकदम गडगड आवाज झाला आणि गाडीखाली धार लागली. बायको खाली टॉर्च घेऊन बसली होती, ती ओरडली आलं आलं. खरंच सांगतो, इतका आनंद मला गाडी घेतली तेव्हा पण झाला नव्हता.

मग दोन्ही सीटा काढल्या. चार बोल्ट प्रत्येकी, पण एक बोल्ट इतका गंजला होता की रात्रभर गंज सोडवणारं तेल टाकून ठेवायला लागलं. कार्पेटच्या खालचा जाड थर स्पंजसारखा भरलेला. वरून हेअर ड्रायर मारून काही उपयोग नाही, वरचं सुकतं आणि खाली तसंच राहतं. पूर्ण कार्पेट बाहेर काढून घरात डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं मशीन) आहे त्याच्याजवळ उभं केलं, पाच दिवस लागले. खालच्या पत्र्यावर वरवर गंज आहे पण स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर आवाज टणटणीत येतो. सिलच्या मागच्या टोकाला मात्र रंगाखाली एक फुगा आहे, नाण्याएवढा.

पुण्याच्या दादांनी सांगितलेली पावडर पण केली. बाबांना फोनवर सांगत होतो तर ते म्हणाले आम्ही डेपोत खडू घासून बघायचो, तेच हे. पुढच्या अर्ध्या भागात रेघ छान सलग, मागच्या वरच्या कोपऱ्यात वितभर काहीच नाही. कागद नुसता खाली पडला. आणि हो, स्पीकर बदललेले आहेत आणि डोअर पॅड काढलं तर प्लास्टिकचा कागद खालच्या बाजूने पूर्ण सुटून चुरगळून पडलेला होता.

आता प्रश्न असा की मागच्या कोपऱ्यासाठी काच सेट करू की रबर? काच हलवायची भीती वाटतेय.

मिडलँड्स_मामा:

शाब्बास. काच नको आधी, रबराची पट्टी हलव. तुझ्या गाडीत छपराच्या सांगाड्यावर प्रत्येक बाजूला रबर तीन तुकड्यांत आहे आणि ते धातूच्या पट्टीत खोचलेलं आहे. मागचा तुकडा हळूच सोलून बाहेर काढ, खाली स्क्रू दिसतील, त्यांची भोकं लांबट आहेत, म्हणजे सैल केले की पट्टी काचेकडे सरकवता येते. मिलिमीटर दीड मिलिमीटर सरकव, बस, स्क्रू आवळ, रबर खोच, परत पावडर. जास्त सरकवलीस तर दार लावताना काच रबराला दुमडेल आणि ते फाटेल. नवीन सेट टाकला तरी ही पट्टी सेट करावीच लागली असती, म्हणून म्हणालो सेट मागवू नकोस.

रबर मधून पोकळ असतं आणि जुनं झालं की चपटं होतं. पट्टी सरकवूनही दाब कमी वाटला तर त्या पोकळीत बारीक फोमची दोरी ओवतात, खिडक्यांच्या फटी भरायला बांधकामाच्या सामानाच्या दुकानात मिळते ती. हा कायमचा इलाज नाही पण एखाद-दोन वर्षं निघतात.

त्यानंतरच काच. आणि काचेला हात लावशील तेव्हा प्रत्येक बोल्टभोवती मार्करने खूण करून ठेव म्हणजे बिघडलं तर मूळ जागी नेता येईल.

बीडिंगवाला_पुणे:

मामांचं बरोबर आहे. काच करायची वेळ आलीच तर एवढं लक्षात ठेवा, काच किती वर जाते त्याचे स्टॉपर वेगळे आणि वरची कड आत किती झुकते त्याचे बोल्ट वेगळे. एका वेळी एकच बदला. दोन्ही एकदम बदलले की कशाने काय झालं ते कळत नाही आणि दिवस जातो.

दाराचा कागद तोच धुऊन परत वापरा, फाटला नसेल तर. जुनं ब्युटिल पूर्ण काढून नवी ब्युटिलची टेप सलग लावा, खालची कड नीट बघा, कागदाचं टोक दाराच्या आत वळलं पाहिजे म्हणजे पाणी दारातच पडेल. स्पीकरच्या वरच्या बाजूला प्लास्टिकची छोटी वळचण करून द्या.

आणि टेस्ट करताना प्रेशर वॉशर नको, त्याने चांगली गाडी पण गळेल. साधा पाइप, हलकं पाणी, खालून सुरुवात. आधी पाच मिनिटं दाराच्या खालच्या भागावर, मग काचेच्या मधोमध, मग वरचा कोपरा, शेवटी छप्पर. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून आलं ते सापडत नाही.

गगनबावडेकर:

मी जुनी जीप वापरतो, कॅनव्हासचं हूड, आणि गगनबावड्याचा पाऊस म्हणजे काय ते इकडच्या लोकांना सांगायला नको. काचेचं मला कळत नाही पण छपराचं सांगतो. पाणी कापडातून कमी आणि शिवणीतून जास्त येतं. विनाइल असलं तरी शिवणीची भोकं असतातच. उजेडात आत बसून शिवणीकडे बघा, कुठे उजेडाचा ठिपका दिसतो का. आम्ही पावसाआधी मे महिन्यात शिवणीवर मेण घासतो. आणि ओलं हूड कधी दुमडून ठेवू नका, काळे डाग पडतात ते मग जात नाहीत. छपराची पुढची कुलपं पण बघा, सैल झाली की पुढची कड काचेच्या फ्रेमवर नीट बसत नाही आणि तुम्ही म्हणता तसं वेगात आरशाजवळून पाणी येतं.

शेफील्डकर:

उशिरा लिहितोय, माफ करा, बाबा आल्यापासून वेळच मिळाला नाही.

मागच्या रबराची पट्टी साधारण मिलिमीटरभर सरकवली आणि पावडरची रेघ कोपऱ्यापर्यंत आली, काचेला हात लावायलाच लागला नाही. गॅरेजवाल्याने लचका तोडला होता तो एकच तुकडा ब्रेकर्स यार्डातून, म्हणजे जुन्या गाड्यांच्या भंगारातून, घेतला, २५ पौंडांत. गगनबावडेकर तुमचं कुलपांचं अगदी खरं निघालं, ड्रायव्हरच्या बाजूचं कुलूप लावताना काही जोरच लागत नव्हता, त्याचा हूक अर्धा आटा आवळला आणि आरशाजवळचं पाणी बंद झालं. इतके दिवस मी तिथल्या रबराला दोष देत होतो. दाराचा कागद नवीन ब्युटिलने लावला. सिलचा फुगा वेल्डिंगवाल्याला दाखवला, त्याने खरवडल्यावर बोटाच्या पेरापेक्षा थोडं मोठं भोक निघालं, कापून नवीन पत्रा लावून दिला आणि आत मेणाचा फवारा मारला. तो म्हणाला अजून एक हिवाळा गेला असता तर सिलची अर्धी पट्टी बदलायला लागली असती. मामा, तुम्ही ड्रेनचं आधी सांगितलं नसतंत तर मी नवीन रबरं लावून खूश झालो असतो आणि खाली गाडी कुजत राहिली असती.

पाइपची टेस्ट बाबा आल्यावर केली. त्यांनीच आत बसायचा हट्ट धरला. मी बाहेरून खालून वर पाणी मारत गेलो आणि ते आतून काचेला टॉर्च लावून बोटाने कड चाचपत होते, वीस मिनिटं. शेवटी छपरावर पाइप धरला तेव्हा आतून फक्त अंगठा दाखवला.

काल मॅम टॉर डोंगराच्या पायथ्याशी उघड्या छपराने गेलो, येताना जोरात सर आली, छप्पर लावलं आणि रस्त्याकडेला थांबलो. बाबांनी रुमालाने मागचा कोपरा पुसला, रुमाल बघितला, परत पुसला, आणि म्हणाले चल आता, कोरडं आहे.